बुद्ध्यांक काढलात का?

मूल तीन वर्षांचं झालं, तरी त्याचा बुद्ध्यांक तुम्हाला ठाऊक नाही? मग पालक म्हणून इतके दिवस केलंत तरी काय? लसी टोचून घेतल्यात, उंची-वजनाची नोंद ठेवलीत, ठीक आहे. पण चारचौघांत सांगायला एखादा आकडा नको?

हा आकडा आला कुठून, याची मात्र चौकशी करू नका. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी चाचणी रचली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा मदत मिळावी म्हणून. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, ती वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर बिने उखडायचे. सुदैवानं १९११ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे चाचणीतली उत्तरं ज्या वयाच्या मुलाला शोभतील त्या वयाला, खऱ्या वयानं भागून हा आकडा काढला आणि आपली सोय केली.

अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ पासून अशा चाचण्या घेऊन सुमारे दीड हजार कुशाग्र मुलं निवडली. चाचणीत कमी पडलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. पुढे त्या दोघांना नोबेल मिळालं, निवडलेल्यांपैकी कुणालाच नाही. यात चाचणीचा काय दोष? त्या दोघांनी वेळेवर हुशारी दाखवायला हवी होती.

चुकीचं उत्तर आलं की तिथल्या तिथे खोडा. मूल ‘मी काम करलं’ म्हणालं तर लगेच दटावा. ‘बसलं’, ‘पळलं’, ‘हसलं’ ऐकून त्यानं स्वतःच व्याकरणाचा नियम शोधून काढला आणि ‘करलं’ हा शब्द कुणाकडूनही न ऐकता घडवला, असले विचार मनात आणू नका. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचं असंच झालं. चाचण्यांची उत्तरं तपासायला बसवलं, तर हा गृहस्थ मुलं चुकतात ती कशी, यातच रमला आणि उभा जन्म त्यात घालवला.

त्यांची एक युक्ती मात्र उचला. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडा, ‘सारख्या आहेत ना?’ विचारा, मग एक रांग पसरवून पुन्हा तेच विचारा. ‘ही जास्त’ असं उत्तर आलं, की मूल कच्चं. १९७४ साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ती रांग एका खोडकर टेडीकडून विस्कटवली, तर कितीतरी जास्त मुलं बरोबर उत्तर देऊ लागली! म्हणजे मोठं माणूस मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा त्याला वेगळं उत्तर हवं असणार, असा अंदाज मुलं बांधत असावीत. केवढा हा आगाऊपणा! टेडी कपाटात ठेवा.

मोझार्टचं संगीत ऐकून बुद्धी वाढते म्हणतात, तेव्हा ते लावायला हरकत नाही. १९९३ चा तो प्रसिद्ध प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम जेमतेम पंधरा मिनिटं टिकला होता, पण स्पीकर घेतलाच आहे तर वाजू द्या.

आणि शाळा निवडताना जपून. काही ठिकाणी बाई मुलांच्या खेळात नुसत्या बसून राहतात, वहीत टिपत राहतात आणि सहामाहीला गुणांऐवजी चार पानं हातात ठेवतात: ‘मनोरा पडला की पूर्वी रडायचा, आता खालचा ठोकळा बदलून बघतो.’ हे फोनवर आत्याला कसं सांगणार? तिच्या नातवाला अठ्ठ्याण्णव टक्के आहेत.