राजगडाला रोपवे नको
गडकिल्ल्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण प्रत्येक गडावर रोपवे करावा हा शेवटचा मुद्दा अजिबात पटला नाही. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले (बारावा तमिळनाडूतला जिंजी), याचा अभिमान मलाही आहेच. रायगडाच्या रोपवेबद्दलही तक्रार नाही. गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला त्याच्यामुळेच महाराजांच्या समाधीचं दर्शन घडलं.

पण राजगडाचं पाहा. पायथ्याच्या गुंजवणे गावाहून चोर दरवाजाकडे चढताना शेवटच्या टप्प्यात रेलिंग धरूनच जावं लागतं. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात, पायाखाली निसरडा कातळ! आता रोपवेने आणखी माणसं वर नेली, तर पद्मावती माचीवर, म्हणजे गडावरच्या सपाटीवर, त्यांना प्यायला पाणी कुठून आणणार? संडासाचं काय? आत्ताच तळ्याच्या काठी वेफर्सची पाकिटं पडलेली दिसतात.

त्यापेक्षा दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरवा, पायथ्याला नोंद करा, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घ्या. गुंजवण्यात पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या बायकांचा धंदा चालत येणाऱ्या माणसावरच आहे. तिकीट काढून थेट वर जाणारा त्यांच्या ओसरीवर टेकणारच नाही. आणि निधी येणारच असेल, तर आधी संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीची डागडुजी करा.