सर्टिफिकेट आहे हो, पण बिघडलेलं मशीन कधी बघितलंच नाही

काल ऑफिसात लिनक्स ॲडमिनसाठी (म्हणजे लिनक्सवर चालणारी मशीनं सांभाळणारा) इंटरव्ह्यू घेतले. पाच पोरं आली, सगळ्यांकडे सर्टिफिकेट, एकाकडे तर तीन. माझा ठरलेला प्रश्न असतो, डिस्क फुल्ल झालीये, डीएफ (अख्खी डिस्क किती भरलीये ते सांगणारी कमांड) मारलं तर शंभर टक्के दाखवतंय, डीयू (दिसणाऱ्या फाइलींची जागा मोजणारी कमांड) मारलं तर निम्मीपण भरलेली नाही, मग जागा गेली कुठे? चौघं गप्प. पाचवा म्हणाला, सर रिबूट करू.

गंमत म्हणजे रिबूटने खरंच जागा सुटते 😄 कारण कुणीतरी लॉग (नोंदींची) फाइल उडवलेली असते पण सर्व्हिसने, म्हणजे मागे चालू असलेल्या प्रोग्रामने, ती अजून उघडीच धरलेली असते, सर्व्हिस थांबली की जागा मोकळी. पण का सुटते विचारलं तर म्हणे "क्लासमध्ये असंच सांगितलंय".

पोरांना काय बोलणार, घरच्यांनी कर्ज काढून फी भरलेली असते. क्लासमध्ये सर टाइप करणार, पोरं बघून टाइप करणार, आणि परीक्षा जवळ आली की डम्प (फुटलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं) पाठ. लॅब म्हणजे क्लाउडवर बटण दाबलं की कोरं करकरीत मशीन, बिघडलं तर डिलीट मारा, दुसरं घ्या. दुरुस्त करायची वेळ येणार कधी?

आम्ही पुण्यात शिकलो ते एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत, जुनी पेंटियम मशीनं, पंखा एकच. सर आम्हाला चहाला पिटाळायचे आणि तेवढ्यात एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) एक ओळ चुकवून ठेवायचे. वर येऊन बघतो तर मशीन बूट होईना, नुसतं रूटचा (मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड मागत बसलंय. पासवर्ड दिला, व्हीआय एडिटरमध्ये ओळ नीट केली, तर सेव्हच होईना, रीड-ओन्ली! सर खिडकीत उभे राहून हसतायत. अर्धा तास डोकं आपटल्यावर कळलं की आधी रूट फाइलसिस्टिम (मशीनची मुख्य डिस्क) लिहिता येईल अशी रीमाउंट, म्हणजे परत जोडायला लागते. आजही झोपेतून उठवून विचारा.

आणि परीक्षा वाईट आहे असंही नाही हां, लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीची तर प्रॅक्टिकलच असते, पण पोरं आता तिचेही टास्क घोकून जातात. कंपन्याही कमी नाहीत, फ्रेशरला सीनियरच्या शेजारी बसवून शिकवायला कुणाला वेळ नाही, पहिल्या दिवसापासून तिकीट (आलेली तक्रार) बंद करा.

19 जुलै 2024 आठवतोय ना? क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीनं निळा स्क्रीन दाखवून बंद पडली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहीत होते. उपाय काय, तर सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल उडवायची, बस्स. पण मशीनच उठत नाही म्हटल्यावर लांबून डॅशबोर्डवरनं करणार काय, कितीतरी ठिकाणी एकेका मशीनपुढे माणूस बसवावा लागला, त्यात बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) असेल तर त्याची रिकव्हरी की शोधा.

असो. रिबूटवाल्याला घेतलाय, निदान तोंड तरी उघडलं त्याने. उद्या अजून तिघं येतायत आणि प्रश्न तर मी इथेच फोडून बसलो, आता दुसरा शोधायला लागणार.