विरळणी

"पीटर पॅनला खुनी करून टाकलेलं पुस्तक तू चौदा वर्षांच्या पोरीला वाढदिवसाला दिलंस?" फोन उचलल्या उचलल्या ताईनं विचारलं.

ताई म्हणजे माझी मामेबहीण. नाशिकला आठवी-नववीला मराठी शिकवते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लेकीचा फोटो टाकला होता, तिच्या हातात काळ्या मुखपृष्ठाचं ते पुस्तक होतं. ताईनं त्याची माहिती शोधून वाचली. मूळ गोष्टीतला पीटर म्हणजे कधीच मोठा न होणारा, उडणारा मुलगा. या पुस्तकात तो लंडनमधून मुलं पळवून नेतो, बेटावर त्यांना खेळ म्हणून लढायला लावतो, मेलेल्यांना विसरून जातो, आणि ही सगळी हकीकत त्याचाच सर्वांत जुना सवंगडी सांगतो. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर चांगलीच खडाजंगी झाली. दोन मुद्दे पुन्हा पुन्हा येत होते. असलं वाचून कोवळ्या मनांचं काय होणार? आणि कुणी जीव ओतून लिहिलेल्या गोष्टीची अशी मोडतोड करायचा हक्क या लोकांना दिला कुणी? शेवटी मामीनं लिहिलं, "तुमच्याकडे मुलांना बालपण म्हणून ठेवलेलंच नाही."

मी अकरा वर्षं लंडनमध्ये राहते. ते "तुमच्याकडे" मला अजून टोचतं. पण ताईचा राग खरा होता. वर्गातल्या पोरांवर जीव टाकणारी बाई आहे ती, आणि ग्रुपवर दोन ओळींत तिला उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटेना.

त्याच आठवड्यात आम्ही मायलेकींनी मूळ पुस्तक काढलं. जे. एम. बॅरीचं नाटक १९०४ च्या डिसेंबरात लंडनच्या रंगभूमीवर आलं, आणि १९११ साली त्यानंच त्याची कादंबरी केली. त्या कादंबरीच्या पाचव्या प्रकरणात एक वाक्य आहे. बेटावरच्या मुलांची संख्या कमी-जास्त होत असते, कारण काही मारली जातात वगैरे. आणि मुलं मोठी होताना दिसली, जे तिथल्या नियमाविरुद्ध आहे, की पीटर त्यांना... इथे बॅरी इंग्रजीत 'थिन्स देम आउट' म्हणतो. लेक अडखळली. "म्हणजे काय करतो?"

माझ्या तोंडात मराठी शब्दच आधी आला. विरळणी. माझे आजोबा बाजरी करायचे. पेरणी होऊन दोनेक आठवडे झाले आणि रोपं दाट दिसायला लागली की ओळीनं वाकत जायचं, एका जागी दोन उगवली असतील तर त्यातलं मरतुकडं उपटायचं. सुट्टीत मीही केलंय ते. मुठीत ती कोवळी पाती, मुळांना ओली माती, मूठ भरली की बांधाकडे भिरकावायची. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं, पीक तसंच घ्यावं लागतं. हा बागेतला, शेतातला शब्द बॅरीनं मुलांसाठी वापरला, आणि पुढच्याच वाक्यात तो सहज दुसरीकडे वळला. मी लेकीला विरळणी समजावून सांगितली. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे नव्या पुस्तकानं हे मनानं घातलेलं नाही."

नाहीच घातलेलं. मूळ कादंबरी संपते तेव्हा पीटर आपल्या शत्रूला, चाच्यांच्या कप्तान हुकला विसरलेला असतो. ज्या टिंकर बेल नावाच्या परीनं त्याच्यासाठी विष प्यायलं, तीही त्याला आठवत नाही. आणि कादंबरीच्या शेवटच्या वाक्यात मुलं आनंदी, निष्पाप आणि निर्दय असेपर्यंत हे असंच चालत राहील असं म्हटलंय. मूळ इंग्रजीत पुस्तकाचा शेवटचा शब्द त्या 'निर्दय'साठीच आहे. आपण लहानपणी रंगीत चित्रांचं संक्षिप्त पुस्तक वाचलं किंवा कार्टून पाहिलं, त्यात उडणारी मुलं आणि घड्याळ गिळलेली मगर तेवढी उरली होती. मोडतोड म्हणायचीच तर पहिली मोडतोड ती.

बॅरीला हे कुठून सुचलं, तेही लेकीला सांगितलं. तो सहा वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ डेव्हिड बर्फावर झालेल्या अपघातात गेला. चौदावा वाढदिवस अगदी तोंडावर आला होता. आई त्या दुःखातून उठली नाही. हा मुलगा आता कायम मुलगाच राहणार, मोठा होऊन आपल्याला सोडून जाणार नाही, एवढाच तिला आधार होता. छोटा जेम्स भावाचे कपडे घालून आईसमोर उभा राहायचा. पुढे लंडनला केन्सिंग्टन गार्डन्समध्ये लुएलिन डेव्हिस कुटुंबातली मुलं त्याला भेटली, त्यांच्याबरोबर खेळता खेळता पीटरची गोष्ट झाली. त्या मुलांचे आईवडील लवकर गेले आणि बॅरी त्यांचा पालक झाला. थोरला जॉर्ज १९१५ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. मायकेल १९२१ साली ऑक्सफर्डजवळ बुडाला. ज्याचं नाव गोष्टीतल्या पीटरला दिलं गेलं, त्या त्यांच्या भावानं १९६० साली भुयारी रेल्वेखाली जीव दिला.

बागेतला पीटरचा ब्राँझचा पुतळा आमच्या घरापासून बसनं अर्ध्या तासावर आहे. बॅरीनं तो १९१२ साली रातोरात बसवून घेतला होता, एक मेच्या सकाळी फिरायला आलेल्या मुलांना वाटावं की तो तिथे आपोआप उगवला. मी जाते तेव्हा एखादं मूल खालच्या सशांना हात लावत असतंच, आणि त्याची आई बाकावर फोन बघत असते. त्या मुलाला विरळणीची गोष्ट सांगावी असं मला अजिबात वाटत नाही. चार वर्षांच्या मुलाला उडणारा पीटर पुरतो. चौदाव्या वर्षी मात्र मूल स्वतःच विचारायला लागतं, की ती हरवलेली मुलं गेली कुठे. तेव्हा आपण काय करायचं?

इथे सगळं शहाणपणानं चाललंय असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. जुन्या पीटर पॅनच्या कार्टूनमध्ये मूळ अमेरिकी लोकांचं चित्रण अपमानकारक आहे. तशी सूचना डिस्नेनं त्याला जोडली आणि २०२१ साली आपल्या ऑनलाइन सेवेतल्या लहान मुलांच्या प्रोफाइलवरून ते काढून टाकलं. सूचना मला पटते. काढून टाकणं पटत नाही, आईबाप शेजारी बसून ते दाखवू शकले असते. २०२३ साली रोआल्ड डाल या बालसाहित्यिकाच्या पुस्तकांतले आज खटकतील असे शब्द प्रकाशकानं बदलले तेव्हा इथेही आमच्या ग्रुपसारखीच भांडणं झाली, आणि मूळ आवृत्त्याही विकत मिळत राहतील असं प्रकाशकाला जाहीर करावं लागलं. आणि दुसऱ्या टोकाला नुसता रक्ताचा बाजार आहे. बॅरी १९३७ साली गेला, युरोपात त्याच्या लेखनावरचा हक्क २००७ अखेर संपला. हक्क संपले की बालसाहित्यातलं कुठलंही पात्र उचलून हातात सुरा द्यायचा, की झाला भयपट. असं पुस्तक मी लेकीला देणार नाही आणि कुणाच्याही लेकीला देऊ नये असंच म्हणेन. त्यात मेलेल्या मुलाबद्दल कुणाला काही वाटत नाही, वाचणाऱ्यालाही नाही.

लेकीला दिलेल्या पुस्तकात तसं नाही. त्यातला सवंगडी प्रत्येक मुलाला स्वतः पुरतो आणि त्याचं नाव लक्षात ठेवतो. बॅरीनं "मारली जातात वगैरे" म्हटलं, त्या 'वगैरे'तली मुलं इथे एकेक करून समोर येतात. लेक त्या नावांपाशी रडली. मला ते रडणं चांगलं वाटलं.

हक्क कुणी दिला, हा ताईचा दुसरा मुद्दा. बॅरीनं १९२९ साली पीटर पॅनचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. हक्क संपले तरी ब्रिटनमध्ये त्या नाटकाचं मानधन रुग्णालयाला कायमचं मिळत राहील अशी सोय १९८८ च्या कायद्यानं केली. पण कायद्याचं सोडा. ताई, तूच मला कॉलेजात असताना 'युगान्त' वाचायला दिलं होतंस. इरावतीबाईंनी १९६७ साली गांधारीच्या डोळ्यांवरची पट्टी, कुंतीचं आयुष्य माणसाच्या मापानं तपासलं, तेव्हा महाभारत मोडलं का? खांडेकरांच्या 'ययाति'ला तर ज्ञानपीठ मिळालं. जुनी गोष्ट पुन्हा सांगण्यात मराठीइतका हात बसलेली भाषा मला तरी माहीत नाही. हे सगळं आपण मोठ्यांसाठी केलं, एवढंच.

आणि कोवळ्या मनांचं म्हणशील, तर आजीच्या मांडीवर आपण दोघींनी चिलयाबाळाची गोष्ट ऐकली तेव्हा मी सहा वर्षांची होते. अतिथी म्हणून आलेला शंकर मुलाचं मांस मागतो. श्रियाळ राजा आणि चांगुणा पोटच्या पोराला मारतात. आई डोळ्यांत पाणी न आणता, गाणं म्हणत त्याचं डोकं उखळात कांडते. आजी ते गाऊन दाखवायची आणि तिचा स्वतःचा आवाज फाटायचा. शेवटी चिलया जिवंत होतो, हाक मारली की धावत येतो. तोवर आपल्या दोघींच्या मुठी आवळलेल्या असायच्या. 'श्यामची आई'त कर्ज आहे, अपमान आहे, आईचं मरण आहे, आणि ते पुस्तक तू दर वर्षी वर्गात वाचतेस. अंधार आपल्याकडे भरपूर होता. आजी शेजारी असायची, हा फरक होता.

हे मी ताईला फोनवर जवळजवळ तासभर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग मला गप्प करणारं एक बोलली. "माझ्या वर्गातल्या पोरांना चिलया माहीतच नाही गं. बडबडगीतं संपली की एकदम मोबाइल. मधल्या वयाला द्यायला मराठीत माझ्याकडे काय आहे? फास्टर फेणे मी किती वर्षं देत राहू?"

इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात लहान मुलांच्या आणि मोठ्यांच्या मध्ये कुमारांची वेगळी कपाटं असतात. गेल्या पंधरा वर्षांत ब्रिटनमधली अशी शेकडो ग्रंथालयं बंद पडली, तरी जिथे आहेत तिथे ते कपाट आहे. त्यात भिकार पुस्तकंही आहेत. पण चौदा वर्षांच्या मुलाला मरण, अन्याय, मोठ्यांचा खोटेपणा यांबद्दल काही कळून घ्यायचं असतं, हे गृहीत धरून कुणीतरी लिहितं, कुणीतरी छापतं. मराठीत याच वयासाठी लिहिणारे आहेत, पण फार थोडे. चिलयाची गोष्ट चिलयाच्या तोंडून, कुणाची श्रद्धा न दुखावता, पण आईच्या गाण्यामागचा हुंदका न लपवता लिहिणारं कुणी मराठीत निघालं, तर पहिली प्रत मी विकत घेईन. आज आपण 'असलं वाचू द्यावं का' यावर भांडतोय, आणि वाचायला द्यायचं ते कुणी लिहितच नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, चिलया मी माझ्या लेकीलाही कधी सांगितला नव्हता. परदेशात वाढणारी पोर, आपल्याबद्दल काय समजेल, या भीतीनं टाळला होता.

रविवारी सांगितला. आजीसारखं गाता येत नाही, तरी दोन ओळी म्हटल्या. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"त्यानं आईबाबांना हो म्हटलं होतं?"

"हो. गोष्टीत तो हो म्हणतो."

"केवढा होता तो?"

"लहानच होता."

"मग त्याचं हो कसं धरलं?"

मी तो प्रश्न तसाच ताईला पाठवला. सोमवारी आठवीच्या वर्गात चिलयाची गोष्ट सांगून ती तो फळ्यावर लिहिणार आहे.