‘मालक, नर्सरीत शंभर रंग मिळतात’ – या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या जास्वंदी जपण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘मालक, सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि तुम्ही शोभेची झाडं जपा म्हणता! नर्सरीत शंभर रंगांची जास्वंद मिळते. ती आपली तरी कुठं आहे, चीनची. बाळीवेशीतल्या आमच्या घरची जुनी पिवळी मेली, कुणाचं काय अडलं?’

शेवटून सुरू करतो. जास्वंदीला मी ‘अस्सल देशी’ म्हटलं, ती चूक. दुरुस्त केली आहे. पण ‘चीनची’ हेही तितकं पक्कं नाही. १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तिच्या शास्त्रीय नावात ‘चीनचा गुलाब’ घातला खरा. रानात आपसूक वाढलेली ही जास्वंद मात्र कुठेच सापडलेली नाही. माणसांनी फांद्या लावून लावून ती जगवली. म्हणजे परसातून एखादी जात गेली, की परत आणायला मागे रानही नाही.

आता शंभर रंग. एका नावाची हजार रोपं म्हणजे एकाच झाडाच्या हजार फांद्या. एकीला जो रोग लोळवतो, त्यापुढे बाकीच्याही तशाच उघड्या. माझ्या गच्चीवरच्या सहा संकरित जास्वंदी गेल्या मे महिन्यात पिठ्या ढेकणाने संपवल्या. खाली आजीने लावलेली एकेरी लाल उभी आहे. (एका गच्चीवरून सिद्धांत मांडत नाही!)

आणि मंडईतला निशिगंध बघा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने एकेरी आणि डबल (भरगच्च पाकळ्यांचा) यांच्या संकरातून ‘शृंगार’ काढला. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीपुढे (मातीतला सूक्ष्म जंत) तो तग धरतो. मग ‘शृंगार’चा मेक्सिकन एकेरीशी संकर करून ‘प्रज्वल’ आला. डबल आली म्हणून जुनी एकेरी सगळ्यांनी उपटून टाकली असती, तर हे दोन्ही झाले असते का?

पाण्याचं तुमचं खरं. आपल्या उन्हात अँथुरियम नि ऑर्किड पोसा असं मीही म्हणणार नाही. पण कमी पाण्यावर तगणारी बोगनवेल आहेच की. तिच्या कित्येक जातींना बीच धरत नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत कोल्चिसीन नावाचं रसायन वापरून अशा काही जातींची गुणसूत्रं दुप्पट केली, तेव्हा त्या संकराच्या कामी आल्या. हे कोल्चिसीन आपल्या रानातल्या कळलावीतही असतं. आणि ही रिकामटेकड्यांची चैन वाटत असेल, तर गव्हाच्या तांबेऱ्यावर उभी हयात घालवलेल्या डॉ. बी. पी. पाल यांनी गुलाब आणि बोगनवेलीच्याही जाती काढल्या, एवढं सांगतो.

तुमच्या त्या पिवळीची फांदी आळीत कुणी मागून नेली होती का हो? आठवून बघा. असेल, तर पहिल्या पावसात पेन्सिलीएवढ्या जाडीची एक मला हवी आहे. कुंडी रिकामी ठेवतो.