अंजनेरीचं जंगल खरंच दुप्पट झालं?

दोन उपग्रहचित्रं शेजारी-शेजारी लावलेला एक फॉरवर्ड सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. डावीकडे तपकिरी अंजनेरीचा डोंगर, उजवीकडे हिरवागार. खाली मजकूर : 'दहा वर्षांत जंगल दुप्पट! आता वरून सगळं दिसतं, वनरक्षक हवेत कशाला?'

आधी कोपऱ्यातल्या तारखा बघा. डावं चित्र मे महिन्यातलं, उजवं सप्टेंबरमधलं. हा पुरावा मानायचा तर पांडवलेण्याच्या डोंगरावरही दर पावसाळ्यात नवं जंगल उगवतं! तुलना करायची तर दोन्ही वर्षांतला एकच पंधरवडा घ्या, शक्यतो जानेवारीतला. तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि घळींतली सदाहरित झाडं तेवढी उठून दिसतात.

'हिरवं म्हणजे जंगल' हे तर त्याहून चूक. एनडीव्हीआय हा निर्देशांक पानांवरून परतणाऱ्या लाल आणि अवरक्त प्रकाशावरून काढतात. हिरवेपणा किती ते कळतं. तो जांभळाचा, गवताचा की घाणेरीचा, हे त्या एका आकड्यात नसतं. (सरकारी वनअहवालातसुद्धा एक हेक्टरवर दहा टक्के झाडोरा असला की आमराई वनाच्छादनात जाते.)

अंजनेरीचं तर गणितच उलटं आहे. इथलं खरं धन म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प. ते झाडीत नाही, माथ्यावरच्या उघड्या गवतात, कातळावरच्या पातळ मातीत येतं. पावसाळ्यात गवत हातानं बाजूला करून शोधावं लागतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे अख्खा टू बीएचके फ्लॅट. त्यात हे फूल कुठून दिसणार? शिवाय ते फुलतं तेव्हा वर ढग. उद्या कुणी हौसेनं माथ्यावर झाडं लावली तर ठिपका आणखी हिरवा होईल, फॉरवर्डवाले पेढे वाटतील आणि कंदीलपुष्पाची जागा गेलेली असेल.

राहिले वनरक्षक. वणव्याचे इशारे देणारा, उपग्रहावर बसवलेला व्हीआयआयआरएस हा संवेदक साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो, ठिपका ३७५ मीटरचा. संध्याकाळी सहाला पेटून नऊला विझलेला वणवा त्याच्या नजरेतून सहज सुटतो. वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, म्हणजे जाळरेषा, तर कुठलाच उपग्रह काढत नाही.

उपग्रहाशी माझं वैर नाही. लँडसॅट या उपग्रहमालिकेची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात. कुठला उतार विरळ होतोय ते त्यांत शोधायचं आणि मग तिथं चालत जायचं. फॉरवर्ड बनवणाऱ्यानं तारखेच्या रकान्यात दोन्हीकडे जानेवारी टाकून चित्रं पुन्हा लावावीत. ती मी स्वतः पुढे पाठवीन.