एका किड्यासाठी

‘एका किड्यासाठी आख्ख्या ट्रेलवर स्पीड लिमिट!’ आज सकाळी आपल्या सायकलिंग ग्रुपवर हे वाचलं आणि डोकंच फिरलं. त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग. आणि हसणारे कोण, तर गणपतीत शाडूच्याच मूर्तीचा आग्रह धरणारे आपलेच लोक.

अरे, तो ओलोनी टायगर बीटल आहे. हायवे १७ ने डोंगर उतरलं की कॅलिफोर्नियातली जी सांताक्रूझ काउंटी लागते, तेवढ्यातच सापडतो, बाकी जगात कुठेही नाही. त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदच १९९३ ला झाली आणि २००१ मध्ये धोक्यात आलेल्यांच्या यादीत गेलासुद्धा!

मागच्या फेब्रुवारीत बाबा आले होते तेव्हा त्यांना तिकडे घेऊन गेले होते. वाटेवर हिरवंगार काहीतरी चमकलं, जेमतेम सेंटीमीटरभर, पळतंय, थांबतंय, परत पळतंय. इतक्या जोरात पळतो की पळताना त्याला भक्ष्य नीट दिसतच नाही, म्हणून मध्येमध्ये थांबावं लागतं. बाबा तिथेच उकिडवे बसले. मग आजूबाजूला बघून म्हणाले, ‘इथं गुरं फिरत नाहीत का गं? गवत माजलंय सगळं.’

माणदेशातल्या माणसाला जे एका नजरेत कळलं ते आपल्याला कळत नाही. या भुंगेऱ्याला उघडी माती लागते, शिकार करायला, अंडी घालायला. त्याची अळी मातीतल्या उभ्या बिळात राहते, तोंडाशी डोकं लावून, जवळून काही गेलं की झडप. पूर्वी इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक हे माळ मुद्दाम जाळायचे, नंतर गुरं चरायची, त्यामुळे जमीन मोकळी राहायची. आता युरोपातून आलेलं गवत सगळीकडे पसरलंय, बऱ्याच माळांवर घरं झालीत, उघडी माती उरलीये ती पायवाटेवर. म्हणून तो वाटेवर येतो, तुम्हाला आडवा यायला नाही!

आणि हो, ट्रेलमुळेच त्याला थोडी जागा मिळते हे मान्य. सायकली बंद करा असं मी म्हणतच नाहीये.

पण त्या दिवशी बाबा अजून बसलेलेच होते आणि मागून एक जण सुसाट आला, ‘ऑन युवर लेफ्ट’ ओरडत. बाबा कसेबसे बाजूला झाले. टायरच्या ठशात हिरवा चुरा होता फक्त. बाबा काही बोलले नाहीत, पण गाडीत बसल्यावर दोनदा विचारलं, त्याला दिसला नसेल का?

नसेलच दिसला. मला त्या माणसाचा रागही आता तेवढा येत नाही, त्याला कुणी सांगितलंच नसेल. तुम्हाला तर बोर्ड लावून सांगितलंय.

मोठे भुंगेरे जानेवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच बाहेर असतात, तेही ऊन असेल तेव्हा. म्हणजे शनिवारच्या आपल्या राईडला नक्की असणार. मी येतेय. बोर्डापासून पुढे मी सायकल हातात धरून चालणार आहे, ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी पुढे जा, पण तेवढा पट्टा हळू जा, खाली बघत.