छतावरचं पाणी परवडत नाही? आधी हिशोब कुठल्या पाण्याचा ते ठरवा

पावसाळा तोंडावर आला की तोच मेसेज फिरतो: छतावरचं पाणी अडवणं हा आतबट्ट्याचा धंदा. नळाचं पाणी स्वस्त, मग वाचणार काय? खान्देशात पाऊसच किती? टाकीचा खर्च कधी निघणार? आणि बोअरमध्ये सोडलं तर फायदा शेजाऱ्याला. यावर विसंबून लोक घर बांधताना हे काम सरळ वगळतात, म्हणून लिहितोय.

नळपट्टीशी तुलनाच चुकीची आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी घरगुती नळाला मीटर नाही, वर्षाची ठोक पट्टी असते. पाणी कमी वापरलं म्हणून तीत रुपयाही घटत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला बोअर आटतो, नळाची पाळी लांबते, तेव्हा जे पाणी विकत घेता त्याचा भाव धरा. टँकर, आणखी खोल नेलेला बोअर, खाली सोडलेल्या मोटरचं वीजबिल.

पाऊस कमी, हे मान्य. तरी 600 मिलिमीटर धरा. 100 चौरस मीटरच्या स्लॅबवर 60,000 लिटर पडतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी 48,000 उरतात. 5,000 लिटरचे नऊ टँकर भरून वर उरेल एवढं पाणी.

टाकीबद्दल मेसेज खरं बोलतो. वर्षभराचं पाणी मावेल अशी सिमेंटची टाकी एका घराला परवडत नाही. पण ती हवी कशाला? पाणी गाळून बोअरमध्येच सोडायचं. स्लॅबचं पाणी उतरवणारा पाइप बंगल्याला आधीच असतो. जोराच्या पावसात बघा, पाइपचं तोंड गटारीवर धो धो वाहतंय आणि दहा-बारा फुटांवर बोअरची केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाचा पाइप, उभी आहे. खर्च तेवढ्याच अंतराचा: थोडा पाइप, दोन एल्बो, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर काढायला व्हॉल्व्ह, आणि गोटे, खडी, वाळू भरलेला गाळणखड्डा. यात मात्र काटकसर नको. गच्चीवर कबुतरं बसतात, धूळ साचते. ते न गाळता केसिंगमध्ये गेलं तर बोअरचं पाणी नासेल. दरवर्षी मृगाआधी गच्ची झाडायची, वाळू धुवायची.

राहिला शेजारी. हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. सोडलेलं पाणी आपल्याच बोअरला लागेल याची खात्री नाही, हे खरं. धुळ्याकडचा काळा पाषाण भेगांमध्येच पाणी धरतो आणि भेग कुठे निघेल ते सांगता येत नाही. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे गाळाच्या जमिनीत पाणी इतकं खोल गेलंय की एका छताने पातळी हलणार नाही. पण मोटर चालू केली की आपणही शेजाऱ्याच्या भेगेतलं पाणी ओढतोच, तेव्हा कुणी हिशोब विचारत नाही. गल्लीने मिळून पाइप जोडले तर मुरलेलं पाणी गल्लीतल्याच कुणाच्या तरी बोअरला लागण्याची शक्यता वाढते. अपार्टमेंटमध्ये तर गच्ची एक, बोअर सामाईक आणि खर्च सगळ्या फ्लॅटवर वाटलेला. तिथे परवडत नाही म्हणायला जागाच नाही.

ज्यांचं बांधकाम चालू आहे त्यांनी प्लंबरला आत्ताच सांगावं. फरशी बसल्यावर फोडतोडीचा खर्च वेगळा लागतो.